एकोणीस दिवसांचा प्रश्न

नाही, नाही, बसून बोला ताई, उभ्याने नको — ती खुर्ची नका घेऊ, तिचा मागचा पाय डळमळतो, ही घ्या, फायली खाली ठेवते मी — आणि ती नोटीस पुन्हा द्या बघू, मघाशी दारातच घाईत वाचली. 'कारणे दाखवा.' मुदत सात दिवस. 'आपण प्रयोगशाळेतील दैनंदिन नोंदवहीतील मजकूर वरिष्ठांच्या परवानगीविना बाहेरील व्यक्तीस उपलब्ध करून दिला असे निदर्शनास आले आहे.' निदर्शनास आले आहे! कुणाच्या निदर्शनास, कसे, कधी — काही नाही. वाक्याला कर्ताच नाही. सव्वीस वर्षं तुम्ही पाण्याचे नमुने तपासताय, एक दिवस उशिरा नाही गेलात, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना हे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि तुम्ही मला विचारताय की ती वही मी जन्मात कुणाला दाखवली नाही, मग त्यांना त्यातला मजकूर कळला कसा — बरोबर? रास्त प्रश्न आहे. अगदी रास्त. उत्तर देते मी त्याचं. पण आधी आज सकाळी खाली सभागृहात काय झालं ते ऐकून घ्या, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आपला प्रश्न आला होता आज. हो, आला — नुसता आला नाही, तिसऱ्या क्रमांकावर आला. तिसरा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसणार, म्हणून सांगते. साहेब निवडून येतात आणि साहेबांचे प्रश्न मी लिहिते, माझं काम ते. लोकांना वाटतं, प्रश्न विचारायला काय लागतं, तोंड उघडलं की झालं. तोंड उघडलं की भाषण होतं ताई, प्रश्न नाही होत. मंत्र्याला सगळ्यांसमोर उभं करून उत्तर द्यायला लावायचं असेल तर तीन आठवडे आधी लेखी द्यावं लागतं, त्याची छाननी होते, हा शब्द काढा, तो आरोप वाटतो, हे मत आहे, हे दोन प्रश्न आहेत — आणि मग सोडत. एका दिवसाचे शंभर-सव्वाशे प्रश्न, चिठ्ठ्या काढतात, पहिले पाच-सहा प्रत्यक्ष बोलले जातात, बाकीच्यांची छापील उत्तरं सदस्यांच्या मेजावर आणि मेजावरून रद्दीत. नऊ वर्षांत माझे अकरा प्रश्न बोलले गेलेत. अकरा. हा बारावा, आणि तो तिसरा लागला. ज्या दिवशी सोडत लागली त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, 'तिसरी आलीस? पूर्वी पहिली-दुसरी यायचीस.' आता काय बोलणार तिच्यापुढे.

मजकूर पाठ आहे मला. 'एक — पाणी तपासणी प्रयोगशाळेत जंतू तपासणीचे साहित्य सलग एकोणीस दिवस उपलब्ध नव्हते, हे खरे आहे काय? दोन — असल्यास, याच काळात तीनशे बेचाळीस नमुने पिण्यास योग्य ठरवण्यात आले, हेही खरे आहे काय? तीन — असल्यास, जबाबदार असणाऱ्यांवर कोणती कारवाई केली? चार — नसल्यास, विलंबाची कारणे काय?' एकही विशेषण नाही त्यात. कुणावर आरोप नाही. कावीळ हा शब्दसुद्धा नाही — तुमच्या जाऊबाईंची नात तेरा दिवस दवाखान्यात होती, तुम्ही इथे, याच खोलीत, रडलात तेव्हा, पण मी ते घातलं नाही, कारण पाण्यामुळेच कावीळ हे सिद्ध करत बसावं लागलं असतं आणि मंत्र्यांना तेवढीच पळवाट मिळाली असती. मी त्यांना एकही पळवाट ठेवली नव्हती. असं मला वाटत होतं.

उत्तर ऐका. मंत्री उठले, चष्मा लावला, वाचलं — 'एक, हे खरे नाही. दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही.' आणि बसले. सहा सेकंद. नाही, हसू नका, म्हणजे तुम्ही हसत नाही आहात हे दिसतंय मला, माझंच तोंड वाकडं झालं असेल. हे खरे नाही! कामकाजाच्या तासभर आधी हेच छापील उत्तर हातात आलं तेव्हा मला क्षणभर वाटलं सरळ खोटं बोलतायत, आणि सभागृहात खोटं बोलले म्हणजे सापडले — पण नाही, ते लोक खोटं नाही बोलत ताई, त्यांना गरजच पडत नाही. मी छापील उत्तराला जोडलेली टीप मिळवली. 'प्रयोगशाळेच्या भांडार नोंदीनुसार सदर कालावधीत साहित्याची एक बाटली शिल्लक होती.' एक बाटली. तुम्हीच सांगितलं होतं मला तिच्याबद्दल, कपाटाच्या वरच्या फळीवर, मुदत संपून दोन वर्षं झालेली, आत पावडरीचा दगड झालेला, टाकून द्यायलाही वरून परवानगी लागते म्हणून राहिलेली. पण बाटली होती की नाही? होती. साहित्य उपलब्ध होतं की नाही? होतं. मी विचारलं, 'साहित्य उपलब्ध नव्हते, हे खरे आहे काय?' मी विचारायला हवं होतं, 'तपासणी झाली नाही, हे खरे आहे काय?' तपासणी झाली नव्हतीच, त्याला ते 'नाही' म्हणूच शकले नसते. जेवलात का विचारायच्या ऐवजी मी विचारलं, घरात तांदूळ होता का. नऊ वर्षं हे काम करतेय मी, आणि ही चूक माझी आहे, कबूल करते, ही चूक मी कुणावर ढकलणार नाही.

पण त्यावर उपाय होता! तेच तर सांगतेय. मूळ उत्तर झालं की सदस्याला उपप्रश्न विचारता येतात, आणि खरी मजा — मजा नाही, खरं काम — तिथे असतं. मूळ उत्तर विभाग आठ-आठ दिवस घोटून लिहितो, उपप्रश्नाला मंत्र्यांना जागेवर बोलावं लागतं. टीप हातात पडल्यापडल्या मी चिठ्ठी लिहिली, ठळक अक्षरात, मोठ्ठ्या टाइपात, तीन ओळी. पहिली — त्या बाटलीवर मुदतीची तारीख कोणती आहे? दुसरी — त्या बाटलीतून किती तपासण्या झाल्या? तिसरी — झाल्या नसतील, तर तीनशे बेचाळीस दाखले कशाच्या आधारावर दिले? झालं. तीन ओळी. शाळेतल्या पोरानेही वाचल्या असत्या. मी स्वतः दारापर्यंत जाऊन साहेबांच्या हातात दिली, म्हटलं, साहेब, याच क्रमाने विचारा, पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. म्हणाले, 'बाई, तुम्ही काळजीच करू नका.' आणि हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटायला लागते, नऊ वर्षांचा अनुभव.

मग मी वरच्या सज्जात जाऊन बसले. मंत्र्यांचं ते सहा सेकंदांचं उत्तर झालं आणि अध्यक्षांनी उपप्रश्नासाठी साहेबांचं नाव घेतलं. साहेब उठले, कोट नीट केला, चिठ्ठी काढली, चिठ्ठीकडे पाहिलं — पाहिलं ताई, मी बघत होते, चांगलं दोन-तीन सेकंद पाहिलं — मग समोर मंत्र्यांकडे पाहिलं, चिठ्ठी घडी करून परत खिशात घातली आणि म्हणाले, 'अध्यक्ष महाराज, पाणी हे जीवन आहे.' मला वाटलं आता येतील मुद्द्यावर. आले नाहीत. पाण्याचं महत्त्व झालं, त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर झाली, आणि शेवटी काय विचारलं असेल? त्यांच्या भागातल्या बसथांब्याला छप्पर कधी होणार! माझ्या शेजारी कुठल्या तरी कॉलेजच्या मुली बसल्या होत्या, सहलीला आणल्यासारख्या, त्या खिदळल्या. अध्यक्ष म्हणाले, 'सन्माननीय सदस्यांनी मूळ प्रश्नावर यावं.' सगळं सभागृह हसलं. आणि मंत्री — मंत्री किती उदार — ते म्हणाले, 'छपराच्या बाबतीतही माहिती घेतली जाईल.' 'ही'! पाण्याच्या बाबतीत कुठे काय घेणार होते, पण छपराच्या बाबतीत'ही'. झाला आपला प्रश्न. चार मिनिटं दहा सेकंद, मी घड्याळ लावून बसते. चौथा प्रश्न पुकारला.

वर आल्यावर म्हणतात कसे, 'छान झाला ना आपला प्रश्न?' मी म्हटलं, चिठ्ठीचं काय झालं? तर म्हणे टाइप बारीक होता. बारीक! भिंतीवर लावली असती तर या खिडकीतून समोरच्या फुटपाथवरच्या माणसाने वाचली असती. मी म्हटलं, साहेब, तुम्ही वाचलीत. पेल्यातलं पाणी प्यायले — कसलं पाणी ते विचारावंसं वाटलं — आणि म्हणाले, 'बाई, प्रत्येक प्रश्न विचारून नसतो सुटत, काही प्रश्न न विचारण्याने सुटतात.' पुढच्या महिन्यात समित्यांच्या नेमणुका आहेत. सगळ्या मंत्र्यांच्या शिफारशीने होतात. एवढं सांगितलं म्हणजे पुरे. आता गेलेत बाहेर, कुठे गेलेत माहीत नाही, केव्हा येतील माहीत नाही. आणि निवडून कुणी दिलं? तुम्ही दिलंत. मंत्र्यांना जाब विचारायला आपण यांना पाठवायचं, आणि यांना जाब विचारायला कुणाला पाठवायचं? कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं आणि बसायचं.

हो, हो, ऐकलं मी. वही. विसरले नाही मी. येतेय तिकडेच.

मला वाटतं, विभागाने अंदाज बांधला. नाही, खरंच, हे साधं आहे. प्रश्नात 'एकोणीस दिवस' असं आलं. भांडाराच्या नोंदीत एकोणीस कुठेच नाही, तिथे तर ती बाटली बसलीय. मग एकोणीस आला कुठून? रोजच्या रोज कोणी तरी मोजलं असणार. प्रयोगशाळेत रोज लिहिणारं कोण? तुम्ही. झालं. तुम्ही तेव्हा मला 'साधारण तीन आठवडे' म्हणाला होतात, आठवतं? आणि मी म्हटलं होतं, ताई, साधारण चालत नाही, साधारण म्हटलं की मंत्री साधारणच उत्तर देतात, आकडा हवा. तो आकडा मी घातला नसता, नुसतं 'काही काळ' लिहिलं असतं, तर कदाचित तुमच्यापर्यंत कोणी पोचलं नसतं — पण मग तो प्रश्न छाननीत टिकला नसता. दोन्ही बाजूंनी अडचण. तर हे असं अंदाजानं झालं असणार.

नाही पटत? का? … हं. 'मजकूर' म्हटलंय नोटिशीत. आकडा नाही, मजकूर. बरोबर आहे तुमचं. अंदाजाने आकडा येतो, मजकूर नाही येत. तुम्ही इथे हव्या होतात कामाला, खरं सांगते.

बघा, एक रीत असते इथे. प्रश्न मान्य झाला की विभागातलं कोणी तरी फोन करतं, प्रश्नाचा रोख काय आहे, नक्की काय हवंय — त्यात गैर काही नाही, सगळ्यांना येतात असे फोन, उत्तर नीट यावं म्हणूनच करतात. असं म्हणतात निदान. पाण्याच्या विभागात उत्तरं लिहिणारी जी अधिकारी आहे ना, ती माझ्या वर्गातली. विद्यापीठात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, एका दिव्याखाली वाचायचो. शेवटच्या परीक्षेत ती पहिली आली, मी दुसरी. अर्ध्या गुणाने. वीस वर्षं झाली या गोष्टीला, मी विसरलेय, ती अधूनमधून आठवण करून देते. तर तिचा फोन आला. 'काय गं, एकोणीस-बिकोणीस कुठून काढलंस? चहाच्या टपरीवर ऐकलंस वाटतं?' हसत म्हणाली, तिची सवयच ती. मी म्हटलं, मी ऐकीव माहितीवर प्रश्न लिहीत नाही, हे तुला तरी माहीत असावं. ती म्हणाली, 'अगं, तू कायम अर्ध्यावर राहतेस, पुरावा म्हणून काही असतं की नाही?' अर्ध्यावर. हा शब्द तिने मुद्दाम वापरला. मी — मी एवढंच म्हटलं, की नोंद आहे. लेखी नोंद. रोजची. ती म्हणाली, 'असेल, कुणी मागाहून बसून लिहिली असेल, अशा वह्या हव्या तेवढ्या तयार होतात.' आता सांगा, हे ऐकून घ्यायचं? तुम्ही एकोणीस दिवस रोज सकाळी प्रामाणिकपणे लिहिलेलं, आणि ही बाई म्हणते मागाहून लिहिलं! मला तुमचाच राग आला, म्हणजे तुमच्या वतीने राग आला. मी म्हटलं, मागाहून लिहिणारा माणूस दर दिवशी वेगळ्या शाईत लिहीत नाही, आणि मागाहून लिहिणारा तेराव्या दिवशी 'आज पुन्हा कळवले' असं लिहून 'पुन्हा'च्या खाली दोन रेघा मारत नाही, इतक्या जोरात की मागच्या पानावर —

काय झालं?

अहो ताई, असं काय बघताय.

हो. … हो, बरोबर. तुम्ही मला वही दाखवली नव्हतीत. तोंडी सांगितलं होतंत फक्त. मग दोन रेघा मला कुठून माहीत — विचारा, विचारायचाच प्रश्न आहे तो, हा मात्र मला आधीच सुचायला हवा होता.

थांबा, नीट सांगते. क्रमाने सांगते. मी तुमच्याकडे आले होते ना, गुरुवारी, दुपारी — तुम्हाला वाटलं मी तुमचं काम बघायला आले, आणि तेही खरं होतं, मला बघायचंच होतं. फाटकावरच्या वहीत मी 'वैयक्तिक भेट' लिहिलं. तुम्ही मला सगळं दाखवलंत, नमुने ठेवायचा फ्रीज, ती जंतू वाढवायची पेटी, बंद करून तिच्यावर कापड घातलेलं, मग तुमच्या प्रमुखांनी आतून हाक मारली आणि तुम्ही गेलात. वही टेबलावर उघडी होती. मी — नाही. उघडी नव्हती. बंद होती, वर काचेची नळी आडवी ठेवली होती तुम्ही. नळी बाजूला करून मी उघडली. तीन पानांचे फोटो काढले. पुन्हा बंद केली, नळी परत ठेवली. तुम्ही आलात तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि म्हटलं, ती झाडं कुणी लावली. तुम्ही म्हणालात, मीच लावली. हे एवढं झालं.

चोरी नाही म्हणणार मी त्याला. पडताळणी म्हणेन. कारण माणसं सांगतात आणि पुढे शब्द फिरवतात, ताई. सात-आठ वर्षांपूर्वी एकाच्या शब्दावर विश्वास ठेवून मी एक प्रश्न लिहिला होता, ऐन वेळी तो म्हणाला मी असं बोललोच नाही, आणि साहेबांना भर सभागृहात माफी मागावी लागली. तेव्हापासून मी कागद पाहिल्याशिवाय लिहीत नाही. तुमच्यावर अविश्वास नव्हता — म्हणजे होता, पण तुमच्या एकट्यावर नव्हता. आणि त्या फोनवर मी तुमचं नाव घेतलं नाही, हे मी शपथेवर सांगते, हुद्दाही नाही घेतला. पण वाचून दाखवलं. तीन-चार ओळी. 'मीडिया नाही. तपासणी झाली नाही. वर कळवले, उत्तर नाही.' जशाच्या तशा, तुमच्या शब्दांत, जंतू वाढवायच्या त्या पावडरीला तुम्ही 'मीडिया' म्हणता तेसुद्धा तसंच. ती पलीकडे गप्प बसली होती, आणि मला वाटलं, गप्प केलं हिला. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती गप्प नव्हती बसली, ती उतरवून घेत होती. माझंच चुकलं असं मी — चुकलं. तिने तिचं काम केलं, मी माझं काम सोडून भलतंच केलं. दुसरं काय म्हणायचं.

शिव्या द्या मला हवं तर. देणार नाही तुम्ही, माहितीये. तुम्ही हे असं नोटिशीची घडी घालत बसणार. त्यापेक्षा ओरडलात तर बरं वाटेल.

आता काय करायचं ते बोलू. साहेबांनी पत्र दिलं असतं की प्रयोगशाळेला भेट देताना मीच वही पाहिली, तर विषय मिटला असता, निवडून आलेल्या माणसाला कुठेही जाऊन बघता येतं — पण साहेब आले नव्हते तिथे, आणि आजची सकाळ बघता ते असं पत्र देतील, हे विसरा. म्हणजे उरलं काय? खरं उरलं. हसण्यासारखं आहे, पण खरं तेच तुमच्या उपयोगाचं आहे. नोटीस म्हणते तुम्ही मजकूर पुरवला. तुम्ही नाही पुरवला. तुम्हाला पत्ताही नव्हता. हे सिद्ध करू शकणारं माणूस एकच, आणि ते — बरं. कागद घेते. कोरा आहे इथे. लिहिते, थांबा, वाचत वाचतच लिहिते म्हणजे तुम्हालाही कळेल.

'निवेदन. एक — मी सभागृहाच्या सन्माननीय सदस्यांच्या कार्यालयात प्रश्नविषयक सहायक म्हणून काम करते. दोन — गेल्या महिन्याच्या' — तारीख कुठली, गुरुवार होता, बारा — 'बारा तारखेला दुपारी सव्वातीनच्या सुमारास' — सुमारास नको, मी फाटकावर वेळ लिहिली होती, तीन वाजून वीस — 'तीन वाजून वीस मिनिटांनी मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेले. तीन — तेथील दैनंदिन नोंदवही मला कोणीही दाखवली नाही. संबंधित तंत्रज्ञ खोलीत नसताना मी ती स्वतः उघडून तिच्या तीन पानांची छायाचित्रे घेतली. चार — त्यांतील मजकूर मी विभागातील अधिकाऱ्यांना दूरध्वनीवरून वाचून दाखवला. पाच — वरीलपैकी कोणत्याही गोष्टीची संबंधित तंत्रज्ञांना पूर्वकल्पना नव्हती आणि त्यांची संमती नव्हती.' झालं. बघा, पाच मुद्दे. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. हे वाचून तुमच्यावर काही ठेवूच शकत नाहीत ते. गेल्या नऊ वर्षांत इतकं स्वच्छ मी काही लिहिलं नसेल.

सही?

हो, सही लागणार. सहीशिवाय काय. म्हणजे — सही आत्ता, ताबडतोब करायलाच हवी असं नाही ना. सात दिवस आहेत तुमच्याकडे. पहिला तर अजून संपलाही नाही. मला एकदा नजरेखालून घालायला हवं, तिसऱ्या मुद्द्यात 'स्वतः' नको की हवं हे बघायला हवं, 'स्वतः' म्हटलं की उगाच — आणि हे बघा, तुमची नोकरी कायमची आहे ताई. चौकशी होईल, पगारवाढ अडेल, वाईट आहे ते, मी कमी लेखत नाही, पण काढता नाही येत तुम्हाला एकदम. माझा प्रवेशपास दर अधिवेशनाला नव्याने निघतो. मी बाहेरची. हा कागद तिकडे गेला की उद्या फाटकावरचा शिपाई मला म्हणेल, बाई, तुमचं नाव यादीत नाही. मग हे प्रश्न कोण लिहिणार? साहेब? पाण्याचा प्रश्न पुढच्या अधिवेशनात पुन्हा लावायचा आहे मला, या वेळी 'तपासणी झाली नाही' असा, त्याला काही उत्तरच नाही त्यांच्याकडे, आणि त्यासाठी मी इथे असायला हवी. तुमच्या जाऊबाईंच्या नातीसाठीच म्हणतेय मी. जरा व्यापक विचार केला तर —

असं नका बघू. मी नाही म्हणत नाहीये. मी फक्त म्हणतेय की साहेबांच्या कानावर घालते, सगळ्या बाजू तपासते, आणि योग्य वेळी — तुम्ही असं करा, सोमवारी फोन करा. सोमवारी नको, मंगळवारी. मी नक्की सांगते तुम्हाला. आता मला खालच्या कार्यालयात जायचंय, नव्या प्रश्नांची मुदत आज पाचला संपते, सव्वाचार होऊन गेले. या तुम्ही. जिना उतरलात की उजवीकडे — अहो, नोटीस तुमची तेवढी घ्या, तो नका घेऊ. तो माझा आहे. तो कच्चा आहे ताई, सही नाही त्याच्यावर, सहीशिवाय त्याला काही अर्थ नाही, कुणी विचारणार नाही त्याला, माझ्या हातचा आहे एवढंच — ताई, ठेवा तो इथे. हे बघा, पर्समध्ये कशाला घालताय. ताई.